अनयच्या सतरा मॅची आणि माझ्या शिळ्या चपात्या

ब्रॅकनेल, इंग्लंड,
मंगळवार, दुपार

ती. अक्कास,

मधूचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. कंबर धरलीय म्हणून खुर्चीतूनच केलाय, पण मनात वाकलेच आहे. इकडं हे ठीक, नकुल ठीक, आणि माझं कोण विचारतंय. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला उतरला का, आणि तुझ्या थोरल्या सुनेनं मोबाईलमध्ये बघून कढी करायचं सोडलं का, ते सगळं कळव. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण तुझ्या फोनचा स्पीकर कायम चालू, अर्धं घर भोवती बसून ऐकतं, आणि तुझी सून फेसबुकावर अलकाची मैत्रीण. म्हणून लिहायला बसले. ह्यांच्याच हॉस्पिटलातली श्रद्धा गुरुवारी इथून निघते. तिचं सासर दहिवडीला, तुझ्या दारावरूनच रस्ता आहे, शुक्रवारी संध्याकाळी पत्र तुझ्या हातात पडेल. दुसऱ्या कुणाच्या हातात पडू देऊ नकोस. चौथीनंतर एवढं लांबलचक मी कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर लावून लावून वाच आणि कुणाला वाचून दाखवायला सांगू नकोस.

अलका माझी धाकटी जाऊ हे तुला ठाऊक आहे, पण ती सध्या काय झालीय ते ठाऊक नाही. ती सध्या अनयची आई झालीय. तशी बावीस वर्षं होतीच, पण आता तेवढंच करते. अनय इथं बेसबॉल खेळतो आणि त्यानं ओळीनं सतरा मॅची जिंकल्यात. नऊ गेल्या साली, आठ यंदा. त्यांच्या लीगमध्ये (म्हणजे आसपासच्या गावांच्या टीमा, रविवारी रविवारी एकमेकांशी खेळतात) आजवर सतराच्या वर कुणी गेलेलं नाही. कुणी एक कॅनडाचा माणूस होता, त्याचे सतरा होते, तो म्हातारा होऊन परत गेला तरी ते रेकॉर्ड तिथंच होतं. आता अनयनं त्याला गाठलंय. येत्या रविवारी अठरावी मॅच. ती जिंकला की रेकॉर्ड अनयचं, आणि मग अलका जमिनीवर उतरायची आशा सोडून द्यायची.

हे सगळं मला पहिल्यापासून नीट कळलं असतं तरी बरं होतं. गेल्या साली एप्रिलात तिचा फोन आला, की वहिनी, टीमनं अनयला पिचर म्हणून घेतलं. आता तूच सांग, पिचर म्हटल्यावर आपण काय समजणार? जत्रेत तंबू ठोकून दाखवायचे तो पिचर. मला वाटलं पोराला सिनेमात घेतलं. ("म्हणून" घेतलं का "मध्ये" घेतलं, हे कोण ऐकत बसतंय, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.) फोन ठेवला आणि मी उभ्या उभ्या अर्धा डबा शंकरपाळी संपवली. माझा नकुल दिसायला त्याच्यापेक्षा उजवा, नाक बघ त्याचं, आणि सिनेमात मात्र हा. दोन दिवसांनी ईलिंगला मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. अलका सांगणार त्याआधी मीच सांगून टाकलं, म्हटलं मान तरी आपल्याकडं राहील. चाळीस बायका. कुणी विचारलं नटी कोण, मी म्हटलं अजून ठरायची आहे. कुणी विचारलं मराठी का हिंदी, मी म्हटलं इंग्रजी. तेवढ्यात अलका आली आणि सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या, आणि मग ती हसली. खाली बसून हसली, अक्का. म्हणते, अगं, पिचर म्हणजे बॉल फेकणारा, वहिनींना सिनेमा वाटला. चाळीस बायका हातात खिरापत घेऊन माझ्याकडं बघत होत्या. म्हणजे सिनेमावर दोन दिवस जळले ते वाया गेलं, आणि बेसबॉलवर पुन्हा पहिल्यापासून जळायला लागलं.

बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ, पण वाया गेलेला. एक जण मातीच्या ढिगावर उभा राहून चेंडू फेकतो, तो पिचर. समोरचा मुसळासारखा दांडका घेऊन मारायला बघतो. त्याला चेंडू दिसलाच नाही पाहिजे, असा फेकायचा. आणि त्या मुसळवाल्याच्या मागं, तोंडाला जाळी, छातीला गादी, गुडघ्यांना पत्रे बांधून एक जण उकिडवा बसलेला असतो, तो कॅचर. तो कॅचर म्हणजे माझा नकुल. मी पहिल्यांदा मैदानावर गेले तर मला पोरगं सापडेना. सगळीकडं बघितलं, शेवटी ह्यांनी बोट दाखवलं. तीन तास उकिडवा, अक्का, तीन तास. आपण आयुष्यभर तसं बसलो पण आपल्याला कुणी गुडघ्यांवर ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरनं काही फेकून मारत नव्हतं. वर तो दोन पायांच्या मधे हात घालून बोटं दाखवतो. मी आधी मान फिरवली, म्हटलं ह्याला हे कुणी शिकवलं. नंतर कळलं, ती खूण असते. एक बोट म्हणजे जोरात फेक, दोन म्हणजे वळवून फेक, आणि अनय ते बघून तसं फेकतो. म्हणजे डोकं माझ्या पोराचं, हात फक्त त्याचा. आणि टाळ्या कुणाला, तर हाताला.

म्हणून मी कॉलिनकडं गेले. कॉलिन म्हणजे पेन्सिल आणि मोठी वही घेऊन खुर्चीत बसणारा म्हातारा, मॅचमध्ये काय काय झालं ते सगळं लिहितो. त्याला माझं इंग्रजी कळतं, कारण त्याला ऐकूच कमी येतं. अनयच्या नावापुढं एक मोठा डबल्यू काढलेला. म्हटलं हा काय, तर म्हणे ही जीत, ती पिचरच्या नावावर लागते. टीमच्या नाही का, तर टीमच्या पण, पण माणसात फक्त पिचरच्या. मग म्हटलं माझ्या पोराचं काय लिहिलंय दाखव. त्यानं बोट सरकवत सरकवत नकुलचं नाव काढलं आणि त्यापुढं दोन बारकी अक्षरं होती. मला एवढं बरं वाटलं, म्हटलं चला, बारीक का असेना. ह्यांना बोलावलं, म्हटलं विचारा ह्याचा अर्थ. हे विचारून आले आणि चहाच्या टेबलाकडं चालायला लागले. मागं लागून विचारल्यावर सांगितलं, ती अक्षरं म्हणजे कॅचरच्या हातून सुटलेला चेंडू. सुटला की लिहितात. म्हणजे माझ्या पोरानं हजार चेंडू झेलले ते लिहायला त्या वहीत जागाच नाही, आणि एक सुटला तर त्याला खास अक्षरं. हे ऐकून मी कॉलिनला जे काही मराठीत बोलले ते त्यालाही कळलं असावं. तेव्हापासून मी आले की तो वही मिटून घेतो.

आता खरी गोष्ट. पहिली मॅच होती त्या सकाळी अनय नकुलला न्यायला आला. घरात काही केलेलं नव्हतं, शनिवारच्या चपात्या उरल्या होत्या, मी कांदा-मिरची-शेंगदाणे घालून कुस्करा केला आणि दोघांपुढं ठेवला. ती मॅच अनय जिंकला. पुढच्या रविवारी हा परत हजर. म्हणतो, मोठी आई, तोच पाहिजे. (मला तो मोठी आई म्हणतो. लहानपणी अलका नोकरीला जायची तेव्हा माझ्याकडंच असायचा. तेव्हा कुणी पेपरवाला फोटो काढायला आला नाही.) म्हटलं पोहे करते. तर नाही, तोच, त्याच हिरव्या ताटलीत. ह्या खेळात अशी रीत आहे म्हणे, जिंकत असताना काही बदलायचं नाही. पायमोजेसुद्धा तेच, आणि ते धुवायचे नाहीत. आपल्याकडं कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं तर हेच लोक हसतात. तेव्हापासून, अक्का, सोळा शनिवारी मी चपात्या केल्या आणि त्या कुणाला खाऊ दिल्या नाहीत. ताज्या चपात्या शिळ्या व्हायला म्हणून करायच्या! आई असती तर लाटणं घेऊन मागं लागली असती. हे हात लावायला गेले की मी ओरडायचे, त्या अनयच्या आहेत. बघ, कसलं तोंड माझं. आतून जळत होते आणि वरून चपात्या झाकून ठेवत होते.

आणि मग सतरावी जिंकल्यावर पेपरात आलं. फुकट दारात टाकतात तो पेपर, पण अख्ख्या ब्रॅकनेलात टाकतात. अनयचा फोटो, शेजारी अलका, मैदानात काठपदराची साडी आणि पायात चिखलाचे बूट. मागं नकुलचं कोपर आलंय. नुसतं कोपर. मी ओळखलं, मीच काढलंय ते जगात. ह्यांनी वाचून दाखवलं. टीमचं नाव, कॅनडावाल्याचं नाव, आणि शेवटी, ह्या यशाचं गुपित काय विचारलं तर अनय म्हणाला म्हणे, मॅचच्या सकाळी आईनं करून दिलेली न्याहारी. मी म्हटलं परत वाचा. परत तेच आलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा ह्यांनी पेपर घडी करून खिशात घातला आणि कामावर निघून गेले, ड्युटी नव्हती तरी. अलकाच्या घरी चार खोल्या आहेत, दोन मोटारी आहेत, तिची एमएस्सी आहे, भावजींची ऑफिसात केबिन आहे, मी कधी काही म्हटलं नाही. (म्हटलं, पण तुझ्याकडं म्हटलं.) पण माझा कुस्करा! ज्या बाईला चपातीला पोळी म्हणायचं तेवढं येतं आणि लाटायचं येत नाही, तिच्या नावावर माझा कुस्करा!

त्या शनिवारी तिचा फोन आला. "वहिनी, उद्याच्या पोळ्या आठवणीनं करा हं, अठरावी मॅच आहे."

मी म्हटलं, "न्याहारी आई करते असं छापून आलंय. पेपरला खोटं पाडू नये."

आणि फोन ठेवला. पुढं जे झालं ते मला ह्यांच्याकडून कळलं. अलकानं सुपरमार्केटमधनं ते पाकिटातले मैद्याचे रॅप आणले, कात्रीनं कापले, कात्रीनं, अक्का, आणि वर चाट मसाला टाकून पोराला दिला. त्यानं खाल्ला. मैदानावर हात मोकळा करताना त्याचा पहिलाच चेंडू नकुलच्या डोक्यावरून, जाळीवरून, क्लबच्या अध्यक्षांच्या मोटारीच्या काचेवर गेला. दुसरा चहाच्या टेबलावर. तिसरा फेकायच्या आत पाऊस आला आणि मॅच आठवडाभर पुढं गेली. हे ऐकून मला आनंद झाला. लिहून टाकते, लपवायचं कशाला. मला आनंद झाला आणि मी साखर घालून चहा प्यायले.

नकुल घरी आला. डावा हात बर्फाच्या पातेल्यात घालून बसला. त्या हातात तो झेलतो, तळवा असा लाल झालेला असतो की बघवत नाही. (दिवसभर तो लोकांच्या घरी वायरिंग करतो, इथं त्याला इलेक्ट्रिशियन म्हणतात आणि चांगला मान आहे, अलकाला हे सांगून मी थकले.) मी म्हटलं, बरं झालं, कळू दे एकदा सगळ्यांना. सतरा मॅची तू झेलल्यास, तुझं नाव कुठं आहे? तुझं कोपर आलंय. तो पातेल्याकडं बघत म्हणाला,

"आई, रेकॉर्ड त्याची आहे. पण अठरावा मॅच मला पण पाहिजे. मी पण तिथं बसला होतो ना."

मराठी धड बोलला असता तर मी वाद घातला असता. पण ते "बसला होतो" ऐकलं आणि मी पातेल्यात आणखी बर्फ घातला. अगं, मी सतरा मॅची हिशेब घालत होते की अनय हरावा आणि नकुल जिंकावा. दोघं एकाच टीममध्ये आहेत, एकानं फेकलेलं दुसरा झेलतो, हा हरला की तोही हरतो, हे कॉलिनच्या बहिऱ्या कानालाही कळलं असतं. मला दीड वर्ष लागलं.

काल अनय आला. एकटाच आत आला, ती हिरवी ताटली बघितली, आणि बसला नाही. त्याची नखं पार मुळापर्यंत खाल्लेली. मी विचारलंच, म्हटलं पेपरवाल्याला तू आईचं नाव सांगितलंस? मी कोण मग? तर म्हणाला, "मोठी आई, मी त्याला बिग मम सांगितला होता. आईनी फोन करून बिग काढायला लावला. म्हणाली, फोटो माझी आणि खाली बिग लिहिला तर सगळे मला जाडी म्हणणार."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. हसू का रडू कळेना. खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा काढायला लावलं असतं. (हे तिला कळता कामा नये.) पुढं तो म्हणाला, हरलो तर मला चालेल मोठी आई, पण नकुलदादाला नाही चालणार, तो कुणाला सांगत नाही. आणि मग तो रडला नाही, पण नाक पुसलं, बाहीनं, लहानपणी पुसायचा तसं. खिडकीतून बघते तर बाहेर अलका मोटारीत बसलेली, इंजिन चालू, तोंड समोर. शेजारपाजारचे काय म्हणतील म्हणून मी तिला हातानंच आत बोलावलं. आली. ओट्याजवळ उभी राहिली, बोटातली अंगठी फिरवत. मला वाटलं आता माफी मागेल. तर म्हणते कशी, "वहिनी, मी करणारच होते हो कुस्करा. पण आमच्याकडं पोळी शिळी होईपर्यंत उरतच नाही."

बघितलंस? माफीतसुद्धा मोठेपणा. पण अंगठी फिरवणं काही थांबेना तिचं, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्या घरात उभी होती आणि मी बसले होते. मी तिला तसंच उभं ठेवलं थोडा वेळ. मग चहा टाकला. पेपरवाल्याला परत फोन करून "काकू" असं घालायला सांगते म्हणाली. मी म्हटलं काकू नको, मधुमती घाल, आणि खाली कॅचरची आई. तिनं दोनदा कागदावर लिहून घेतलं. तेव्हा शनिवारी चपात्या होणार, रविवारी कुस्करा होणार, आणि मीही मैदानावर जाणार. कॉलिननं वही मिटली तर बघते त्याच्याकडं.

दाजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, सुनेला आमच्याकडचं काही सांगू नकोस. तुझ्या तब्येतीला जप. आपल्यातली तूच एक अशी आहेस जिच्यावर मी कधी जळले नाही (तुझं लग्न ठरलं तेव्हाचे आठ दिवस सोडून).

तुझीच,
मधू

ता. क. श्रद्धा परत येताना तिच्याबरोबर मेतकूट आणि सांडगी मिरच्या पाठव. मिरच्या डबल पिशवीत बांध, मागच्या वेळी वासानं विमानतळावर तपासणीचं कुत्रं पिशवीपुढं बसलं.

ता. क. दुसरा. मेतकूट नाही पाठवलंस तरी चालेल, हे वाच. गेल्या महिन्यात मी तुला लक्ष्मीआईच्या देवळात जाऊन फोन देवीच्या कानाशी धरायला सांगितला होता आणि मी इकडून मनातल्या मनात बोलले. तू विचारलंस काय मागितलं, मी म्हटलं नकुलचं लग्न. लग्न नव्हतं, अक्का. अनयची ओळ अठराच्या आत तुटू दे, तुझी ओटी भरते, असं मागितलं होतं. देवीनं महिनाभर मनावर घेतलं नाही, पण त्या मोटारीची काच फुटल्यापासून मला वाटतंय आता घेतलंय. तेव्हा शनिवारी सकाळी अंघोळ करून जा, ओटी भरून टाक, आणि सांग की मधूनं बोललेलं माघारी घेतलं, तिची अक्कल उशिरा उगवते. फोनवरून नको, तुझ्या तोंडानं सांग, आणि मोठ्यानं सांग. दाजींना नेऊ नकोस. पुजाऱ्याला बाहेर पाठव. मॅच रविवारी इथं दुपारी एकला, तुमच्याकडं साडेपाच वाजतील. तोपर्यंत देवीपर्यंत पोचलं पाहिजे.

ता. क. तिसरा. देवीला नीट सांग, अठरावीपुरतं माघारी घेतलंय. एकोणिसावीबद्दल आपण काही बोलायचं नाही, तिचं ती बघेल.